थोडक्यात महाराज

रविवारी सगळ्यांना जेवायला बोलवायचं हे ठरवलं थोरल्याने, आणि निरोप द्यायचं काम आलं आईकडे. थोरल्याचं हे लहानपणापासूनचं. खोडी काढायची त्याने आणि शेजाऱ्यांची समजूत काढायला जायचं आईने.

"बारक्यालाही बोलाव," तो म्हणाला. "उद्या म्हणायला नको, मला न विचारता कंपनी बंद केली."

"म्हणजे बंद करायचं ठरलंय?"

"ठरलं नाही गं. ठरवायचंय."

नाटक कंपनीचा कारभार हातात आल्यापासून त्याच्या कपाळावर एक उभी आठी कायमची राहायला आली होती. तिच्याकडे बघून आईने पुढे काही विचारलं नाही. तिने धाकट्याला फोन लावला.

बारक्या आता मोटार चालवायला शिकवत असे. फोन उचलला तेव्हाही बाजूला कुणीतरी शिकाऊ बसलेलं असावं, कारण "हं, बोल आई" आणि "ब्रेक! ब्रेक!" हे त्याने एकाच श्वासात म्हटलं. गाडी थांबल्यावर तो म्हणाला, "बाबा बोलले का?"

"ते कुणाशीच बोलत नाहीत रे. तुझ्या एकट्यावर राग नाही."

यातलं पहिलं वाक्य खरं होतं. दुसऱ्याबद्दल तिची स्वतःचीच खात्री नव्हती.

नवऱ्याला सगळं गाव महाराज म्हणे. भाजीवाला म्हणे, पोस्टमन म्हणे, दात काढताना दाताचा डॉक्टरही "महाराज, आ करा" म्हणे. थोरला जन्मला नव्हता तेव्हापासून ते कंपनीच्या मोठ्या नाटकात राजाचं काम करत होते. पाच अंक, सेनापतीचा विश्वासघात, राणीचं विषप्राशन, राजपुत्राचा वध आणि शेवटी राजाचा मृत्यू. तो मृत्यू इतका सावकाश यायचा की तेवढ्या वेळात माणूस घरी जाऊन जेवून परत येईल. पण आवाज असा की शेवटच्या रांगेत पेंगणारा दचकून सरळ बसे आणि आपण तिकीट काढलंय ना, म्हणून खिसा चाचपे.

घशात, त्या आवाजाच्या मुळाशीच, गाठ निघाली. गाठ साधी होती, काढून टाकली, जिवाचं भय नव्हतं. महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, एवढं पथ्य. महाराजांनी ते तंतोतंत पाळलं. महिना संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता बोला बघू काहीतरी." महाराज खुर्चीतून उठले, झग्याचा सोगा सावरावा तसा कोट सावरला, पहिल्या प्रवेशाला घेत तसा छाती भरून श्वास घेतला आणि बोलले.

जे आलं ते बारीक होतं. चिरकं. नव्या बुटांसारखं करकरणारं.

"छान! आवाज आला!" डॉक्टर मनापासून खूश झाले. महाराजांनी तोंड मिटलं. त्या दिवसापासून, बोलायला पूर्ण मोकळीक असताना, त्यांनी ते उघडलं नव्हतं. खाण्यापुरतं उघडत, तेही आखडतंच.

आईला त्या मोठ्या आवाजाचं फारसं वाटत नव्हतं. तो लोकांचा होता. तिला चुकल्यासारखं व्हायचं ते घरातल्या आवाजाशिवाय. चष्मा कुठे ठेवलाय, बाहेर गार आहे का, तू जेवलीस का, असं विचारणारा तो साधा आवाज. तोही त्या गाठीबरोबरच गेला होता, आणि त्याची चौकशी कुणी करत नव्हतं.

*

घर म्हणजे नाट्यगृहाच्या वरच्या दोन खोल्या. त्यांत सगळी मावत नसत, म्हणून पंगत खाली कपडेपटात बसली. मधोमध कापड बेतायचं लांब टेबल होतं. त्यावरच्या कात्र्या, टाचण्या, अर्धवट दाढ्या एका बाजूला सारून आईने ताटं मांडली. भिंतीलगतच्या दांडीवर राजा, सेनापती, दूत आणि भिकारी शेजारी शेजारी लटकत होते. टेबलाच्या टोकाला महाराज बसले. त्यांच्या उजव्या हाताला थोरला आणि सूनबाई. डाव्या हाताला मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. नाटकात तो विश्वासघातकी सेनापती. घरात मात्र इतका भिडस्त, की शेवटी जो बोलला असेल त्याच्या बाजूचा.

बारक्या आला तो दारातच घुटमळला. दोन वर्षांनी येत होता. महाराजांनी एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा ताटात घातली.

"ये, बस," आई म्हणाली. "हात धू आधी. ग्रीस दिसतंय."

पहिला घास पोटात जायच्या आत थोरल्याने विषय काढला. येत्या शनिवारी दुपारचा खेळ निवृत्त लोकांच्या मंडळाने घेतला होता. सगळी तिकिटं गेली होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा नाट्यगृह भरणार होतं, आणि नेमका राजाच नव्हता.

"मी त्यांना नाही म्हणून कळवतो," थोरला म्हणाला. "आणि खरं सांगायचं तर एकदाच कळवूया. सगळ्यांना. पाच अंक बघायला आता कुणाला सवड आहे? मागच्या खेळाला चौथ्या अंकात माणसं उठून गेली. जी राहिली ती झोपली होती म्हणून राहिली."

"थोरल्याचं चूक नाही," मामा म्हणाला.

"मी करतो राजा," बारक्या म्हणाला.

थोरल्याने हातातला घास ताटात ठेवला.

"तू?" थोरल्याची आठी खोल झाली. "अरे, तुला प्रेताचं काम दिलं होतं. नुसतं पडून राहायचं. तेवढंही जमलं नाही तुला!"

हे व्हायचंच होतं, आईला वाटलं. दोन वर्षांपूर्वी, पाचव्या अंकात, राजपुत्र मरून पडला होता आणि महाराज त्याच्या छातीवर हात ठेवून मरत होते. मरतच होते. आणि राजपुत्र फिस्सकन हसला. मग नाट्यगृह हसलं. महाराजांनी पडदा पाडायला लावला, मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या मरणावर तू हसलास." एवढंच. त्या आवाजात. बारक्याने त्याच आठवड्यात घर सोडलं.

"करू द्या की भाऊजींना," सूनबाई म्हणाली.

थोरला वळला. "तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"शनिवारच्या."

"सूनबाईंचंही बरोबर आहे," मामा म्हणाला.

"मामा, तुम्ही जेवा." थोरल्याने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि वडिलांकडे वळून, लहान मुलाशी बोलावं तसं, शब्द सुटे सुटे करत म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा. नुसती मान हलवा. बंद करायची का कंपनी?"

सगळे बघत राहिले. महाराजांची मान हलली नाही. त्यांनी बोटाने ताटातला एक कण कडेला सारला, मग दुसरा. माणूस समोर धडधाकट बसलेला असताना आपण त्याच्या मागचं आवरायला घेतलंय, असं आईला वाटलं.

बारक्यालाही ते बघवलं नसावं. तो उठला, दांडीवरून राजाचा झगा ओढला आणि खांद्यावर टाकून कपड्यांच्या आड गेला. "बघा तरी कसं होतं," असं आतून ओरडला आणि बाहेर आला. येताना आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग पुढे निघाला. रोज शिकवून शिकवून अंगात मुरलं होतं.

"या सिंहासनाच्या छायेत कोण उभे आहे?" तो म्हणाला. "पुढे ये, आणि तुझ्या मनातले विष... विष..."

"जिभेवर येऊ दे," मामाने पुरवलं.

"ते. येऊ दे!"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. महाराज उभे राहिले होते. आता हे जिना चढून वर जाणार आणि दार लावून घेणार, असं सगळ्यांना वाटलं. पण ते बारक्यापाशी गेले, त्याच्या खांद्यावरून झगा काढून घेतला आणि स्वतः कपड्यांच्या आड गेले.

आणि राजा आला.

काही केलं नाही. नुसते चालत आले. पण मामा, ज्याने ती एंट्री हजारदा पाहिली असेल, नकळत उठून उभा राहिला. महाराज मधोमध थांबले, हात वर गेला, तोंड उघडलं.

आणि उघडंच राहिलं.

त्या एका क्षणात, आपला आवाज गेलाय हे त्यांना आठवलं, आणि ते आईला दिसलं. सवयीने इथवर आलेला माणूस पुढची पायरी नाही हे पाय टाकल्यावर ओळखतो, तसा त्यांचा चेहरा झाला. मुलं ताटात बघू लागली. आई डाव हातात घेऊन उभी होती. तिने काही ठरवलं नव्हतं. घरी पाठांतर करताना ते अडले की शब्द तीच द्यायची, इतक्या वर्षांची जिभेची सवय.

"या सिंहासनाच्या छायेत कोण उभे आहे?" ती म्हणाली. राजासारखं नव्हे. दारावर कोण आलंय, असं स्वयंपाकघरातून विचारावं तसं.

महाराजांनी वळून पाहिलं नाही. पण उचललेला हात त्या वाक्यावर बरोबर फिरला. "पुढे ये," ती म्हणाली आणि त्यांचं बोट पुढे आलं. "आणि तुझ्या मनातले विष तुझ्या जिभेवर येऊ दे." त्यांचे ओठ तिच्या शब्दांबरोबर हलत होते. टेबलाशी कुणी घास घेत नव्हतं.

मग लांबलचक स्वगत सुरू झालं. ती बोलत गेली, ते करत गेले. राज्य, रात्र, वारा, विश्वास, सगळं एकामागून एक येऊ लागलं. आणि तेवढ्यात तिला करपल्याचा वास आला. पलीकडच्या शेगडीवर दूध होतं.

"वगैरे वगैरे," आई घाईघाईने म्हणाली. "थोडक्यात, महाराजांना सेनापतीचा संशय येतो." आणि दूध उतरवायला धावली.

भांडं खाली ठेवलं, फडक्याला हात पुसले, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं आपण काय केलं ते. कपडेपटात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. महाराजांचं स्वगत आजवर कुणी तोडलं नव्हतं. एकदा नाट्यगृहातले दिवे गेले होते, तेव्हाही त्यांनी ते अंधारात पूर्ण केलं होतं. आता ते हात हवेत धरून तसेच उभे होते.

हात हळूहळू खाली आला. महाराजांनी त्या हाताकडे पाहिलं, जणू तो इथे कशाला आला होता हेच ते विसरले होते. मग मान वळवून मामाकडे पाहिलं. आणि एक डोळा बारीक केला. एकच. अख्खं स्वगत त्या एका डोळ्यात येऊन बसलं.

सूनबाईच्या तोंडात पाणी होतं. ते थोरल्याच्या ताटात गेलं.

"माफ करा बाबा," ती ठसक्यातून म्हणू लागली, "मला तुम्हाला... मी हसले नाही..." पण ती हसतच होती आणि आता मामाही हसत होता, संशय त्याच्यावरच असूनही.

महाराजांनी सुनेकडे पाहिलं. आईने फडकं घट्ट धरलं. दोन वर्षांपूर्वीचा तो चेहरा ती विसरली नव्हती. पण महाराज कान देऊन ऐकत होते. नटाचा कान तो, हसणं खिजवणारं आहे की पोटातून आलंय हे त्याला न बघता कळतं. त्यांनी मामाकडे पुन्हा पाहिलं. या वेळी दुसरा डोळा. मग आईकडे बोट केलं आणि ते गोल फिरवलं. चालू दे.

"मग..." आईने फडकं खांद्यावर टाकलं. "मग सेनापती येतो आणि विश्वासघात करतो."

"माझं भाषण?" मामा म्हणाला.

"करतोस विश्वासघात. बस."

"पण ताई, तलवारबाजी तरी..."

"हरतोस."

मामाने टेबलावरची लांब पट्टी उचलली, महाराजांनी डाव उचलला. मामा हरला. दूत पाहिजे झाला, तेव्हा आईने थोरल्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "मी यात नाही." ती म्हणाली, "दूत म्हणतो, मी यात नाही." महाराजांनी त्यावर असा कपाळाला हात लावला की थोरल्याच्या तोंडाची शिवण उसवली. पुढच्या अंकात दूत तोच, शत्रूचं सैन्यही तोच, आणि किल्ल्याचा दरवाजाही तोच झाला. सूनबाई राणी होऊन विष प्यायली. एरवी त्याला अर्धा अंक लागे, आता एक घोट लागला. बारक्या युद्धात पडला आणि टेबलाच्या पायाशी आडवा झाला, कारण दुसरीकडे जागा नव्हती. आईला आपला आवाज ऐकू येत होता. मोकळा, घाईतला, भांडी आवरता आवरता गोष्ट सांगणारा. आपल्याकडे एवढा आवाज होता, हे तिला माहीतच नव्हतं.

"आणि महाराज मरतात," ती म्हणाली.

महाराजांनी तर्जनी वर केली. थांब.

ते लडखडत टेबलाच्या त्या टोकाला गेले. खुर्चीला हात लावला. भिंतीला लावला. दाराच्या कडीला लावून पाहिला आणि परत आले.

"मेले," आई म्हणाली.

ते बारक्याच्या छातीवर कोसळले. मग उठले, अंगाखाली चुरगळलेला झगा नीट केला आणि पुन्हा कोसळले.

"आता मेले."

एक पाय अजून हलत होता.

"अहो, मरा ना! भांडी पडलीत."

आणि तेव्हा खालच्या प्रेताचं पोट गदगदायला लागलं. बारक्याने ओठ दाताखाली धरले, डोळे घट्ट मिटले, मूठ आवळली. काही उपयोग झाला नाही. फिस्सकन हसू फुटलं. दोन वर्षांपूर्वीचंच, तस्सं.

थोरला अर्धवट उठला. महाराजांनी डोकं उचललं आणि अगदी जवळून मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बारक्याचं हसू विरलं. मग महाराजांनी दोन बोटं त्याच्या छातीवर ठेवली, ती एखाद्या छोट्या माणसासारखी चालवत बरगड्यांपर्यंत नेली आणि गुदगुल्या केल्या.

बारक्या किंचाळला. टेबलाच्या पायाला डोकं आपटलं, तरी हसत राहिला, आणि कुठे तरी मध्येच ते हसणं रडण्यात गेलं. "मी मुद्दाम नव्हतो हसलो हो बाबा. खरंच नव्हतो. तुम्ही त्या दिवशीही असाच झगा नीट केला होता."

महाराजांनी त्याचं डोकं छातीशी ओढलं आणि आपटलेल्या जागी चोळत राहिले. चेहरा कुणाला दिसला नाही. झग्याचं शेपूट मध्ये आलं होतं.

*

भांडी विसळताना सूनबाई आईशेजारी येऊन उभी राहिली.

"शनिवारी हेच करायचं. तुम्ही रंगमंचावर कडेला बसून सांगायचं."

"मी? आणि तिकीट खिडकीवर कोण बसेल?"

"तिकिटं गेलीत आधीच." सूनबाईने एक थाळी पुसली, ठेवली, पुन्हा उचलून पुसली. "आई, राणीचा मुकुट तुम्ही माझ्या डोक्यावर ठेवलात ना, तेव्हा आठवडाभर तुम्ही थिएटरकडे फिरकला नाहीत. ताप आलाय म्हणून सांगितलंत."

"आला होता."

"नव्हता. मी वर येऊन गेले होते. तुम्ही खिडकीशी बसला होतात, मी तशीच परत फिरले. तेव्हाच बोलायला हवं होतं. नवीन होते, धीर झाला नाही."

आई नळाखाली हात धरून राहिली. या मुलीने हे इतकी वर्षं मनात ठेवलं होतं आणि आपण समजत होतो, कुणाला कळलंच नाही.

"तू राणीचं काम माझ्यापेक्षा चांगलं करतेस," ती अखेर म्हणाली. "ताप त्याचाच आला होता."

दोघी एकमेकींकडे न बघता हसल्या.

बाहेर थोरला मात्र अडून बसला होता. त्याचा आवाज आतपर्यंत येत होता. "घरात हसलो ते ठीक. पण लोकांनी मोठं नाटक म्हणून तिकिटं काढलीत, आणि त्यांना आपण हे दाखवायचं? बाबा, लोक तुम्हाला हसतील. राजाला हसतील. मी कारभार बघतो म्हणून नाही बोलत. मी तुमचा मुलगा आहे म्हणून विचारतोय. चालेल तुम्हाला?"

आई दारात आली. प्रश्न खरा होता आणि थोरल्याचे डोळे भरले होते. ती आठी कशाची होती हे तिला तेव्हा उमगलं. सगळ्यांना वाटे, हा कंपनीची काळजी करतो. तो बापाची लाज राखत होता, एकटाच, जमेल तशी.

महाराजांनी झगा उतरवून दांडीवर लावला. हसू पार ओसरलं होतं. मग ते जिना चढून वर गेले. मामा म्हणाला, "थोरल्याचं चूक नाही." या वेळी त्याला कुणी गप्प केलं नाही. बारक्या दाराशी येऊन गाडीची चावी बोटाभोवती फिरवत राहिला, पण गेलाही नाही.

संध्याकाळी आई कपडेपट आवरायला आली, तर दिवा लागलेला होता. महाराज लांब टेबलाशी बसले होते. समोर राजाचा झगा पसरलेला. त्या झग्याचं शेपूट इतकं लांब होतं की राजा रंगमंचाच्या मध्यावर आला तरी ते विंगेतच असे. त्याला इस्त्रीसुद्धा ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. आता त्यांच्या हातात मोठी कात्री होती. शेपूट गुडघ्यापासून निम्म्याहून अधिक कापून झालं होतं. हात सवयीचा नव्हता, कड वाकडीतिकडी आली होती.

आईने शेजारी बसून सुईत दोरा ओवला. "द्या इकडे. कड मी मारते," ती म्हणाली. "वाकडं कापलंत. लोक हसतील."

महाराजांनी मान डोलावली. तेच तर, असं त्या मानेत होतं.

*

शनिवारी दुपारी आई रंगमंचाच्या कडेला उंच स्टुलावर बसली. मांडीवर तिने जड शाल घेतली होती. पडदा उघडला. पुढे पांढऱ्या केसांच्या रांगाच रांगा. राजा आला, आणि समोरच्यांचे चेहरे गंभीर झाले. मोठं नाटक बघायला आलेली माणसं ती.

"वगैरे वगैरे," आई म्हणाली. "थोडक्यात, महाराजांना सेनापतीचा संशय येतो."

महाराजांनी डोळा बारीक केला. कुणी हसलं नाही. दुसऱ्या रांगेतल्या एक बाई उठून उभ्या राहिल्या. "हे काय चाललंय? आमचं स्वगत कुठे आहे?" त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं. विंगेत थोरल्याने डोळे मिटले.

महाराजांनी रंगमंचावरून त्या बाईंकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. आणि फार मोठ्या मनाने, पुन्हा पहिल्यापासून, तोच डोळा आणखी सावकाश बारीक केला. खास त्यांच्यासाठी.

मागून कुणीतरी खो खो हसलं. मग रांग हसली. त्या बाईंच्या शेजारच्या गृहस्थांनी त्यांची बाही ओढली, "बसा हो, पुढचं दिसत नाही," आणि बाई बसल्या. राणी विष प्यायली तेव्हा त्याच सगळ्यांत मोठ्याने हसल्या. आणि महाराज मरायला लागले तेव्हा काय झालं हे आईलाही नीट सांगता येत नाही. हसून हसून माणसं रुमाल काढत होती. शेवटी तो पायही थांबला आणि महाराज मुलाच्या छातीवर खरोखरच स्वस्थ पडले, तेव्हा सगळं नाट्यगृह शांत झालं. कितीतरी वर्षांनी राजाच्या मृत्यूला सगळे प्रेक्षक जागे होते. मग टाळ्या आल्या.

विंगेत थोरला दाराच्या वेषातच उभा होता. महाराज आत आल्यावर त्याने त्यांचे दोन्ही हात धरले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मोरीत रंग पुसायचे टॉवेल धूत होती. पंज्यांपासून कोपरापर्यंत साबण. बाहेर फोन वाजला. वाजत राहिला.

"अहो, कुणी आहे का? माझे हात ओले आहेत!" ती ओरडली. मग आठवलं, महाराजांखेरीज घरात दुसरं कुणीच नाही. बारक्या थोरल्याकडे उतरला होता आणि तिघं मिळून, दुसऱ्या कुठल्या जुन्या नाटकाचे किती अंक गाळता येतील यावर भांडत असणार. ती उठायला गेली तेवढ्यात फोन थांबला.

"हॅलो," कुणीतरी म्हणालं.

आवाज बारीक होता. चिरका, बाईमाणसासारखा. आईने टॉवेल हातातच धरला आणि दारापाशी आली.

महाराज फोनशी पाठमोरे उभे होते. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. महाराजांचे खांदे ताठ झाले. आता ठेवतील, आईला वाटलं. आता ठेवून देतील, आणि पुन्हा कधी उचलणार नाहीत.

"नाही," महाराज म्हणाले. "ते बाहेर गेलेत. मी त्यांची बायको बोलतेय. सांगा ना."

आईच्या हातातून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"हो का? तुमच्याकडेही हवाय खेळ? पुढच्या रविवारी जमेल की. एक तासाचं आहे. नाही हो, त्याहून कमी नाही होणार. मरायलाच त्यांना वेळ लागतो." पलीकडे हसल्याचा आवाज आला. महाराजांची मान जरा सैल झाली. "हट्टी? विचारू नका. तीस वर्षं एक स्वगत तोडू दिलं नाही मला. आमच्या ह्यांचं सगळंच असं."

ते वळले. दारात ती दिसली. कानापर्यंत लाल झाले, पण फोन ठेवला नाही. तिच्याकडे बघत बघत, पलीकडच्या कुठल्याशा प्रश्नाला त्यांनी त्याच आवाजात उत्तर दिलं.

"आवाज? तो गेला तो गेलाच हो. पण माणूस बरा आहे आमचा. आणि ऐका, त्या दिवशी बाहेर गार असेल का तुमच्याकडे? ही सांगते... म्हणजे मीच, मी शाल आणेन म्हणते."